बारा टेबलं

सकाळी सातला कचरागाडी आपलं गाणं वाजवत
रामबागेच्या वळणावर येते,
तेव्हा माझा दिवस मावळतो.
ओला वेगळा, सुका वेगळा.
रात्रीचं मात्र मी काहीच वेगळं केलेलं नसतं:
कुठला डाव मी खेळलो,
कुठला नुसता बोटांनी.

बारा टेबलं. दोन स्क्रीनवर सहा-सहा,
पोह्यांच्या बशीएवढी एकेक हिरवी खिडकी.
कुठेतरी घंटी वाजते, दहा सेकंद, नऊ.
इस्पिक गुलाम, किलवर चौकी, फेकून दे.
बदाम राणी, चौकट सत्ती, फेकून दे.
वर डावीकडे राजांची जोडी, वाढव.
समोर कोण बसलंय?
बघायला वेळ नाही, पुन्हा घंटी.

वाईट चाललेलं नव्हतं.
एका टेबलावर तासाला अठरा रुपये सुटतात,
बाराने गुणलं की भाडं निघतं,
आईच्या डोळ्यांचे थेंब निघतात,
रविवारी सराफ्यात गराडूही निघतात.
गुणाकार मला शाळेपासून आवडतो.

खालच्या मजल्यावरचे मुकुंदकाका
परदेशीपुऱ्याच्या बाजूला मिलमध्ये होते, एकवीस वर्षं.
झोप येत नाही म्हणून तीनला वर येतात,
खुर्चीमागे उभे राहतात.
मेंढीकोटापलीकडे पत्त्यांतलं त्यांना काही कळत नाही.
"हे सगळे साचे तुझेच?"
हो म्हणालो, मान न वळवता.
"आम्ही दोन चालवायचो. मग शेठनं चार दिले.
पगार वाढला, खोटं कशाला बोलू.
पण दोनावर असताना धागा तुटलेला मला ऐकू यायचा.
चारावर नुसता आवाज वाढला.
घडीखात्यात कापड उलगडलं की कळायचं,
हातभर लांब फट,
अन् कडेला माझाच नंबर."
मग म्हणाले, चहा टाकू का.

मी काही लगेच शहाणा झालो नाही.
आणखी पंधरा दिवस बाराच चालवली.
मग एका मंगळवारी लाइट गेली, नेट गेलं,
लॅपटॉपमध्ये तासाभराची धुगधुगी उरली होती.
करायला काही नव्हतं म्हणून जुना एक डाव उघडला.
एकच.
शेवटचं पान चौकट तिर्री.
समोरच्यानं पॉटच्या निम्मे लावले,
मी पत्ते टाकले.
का टाकले?
स्क्रीन विझली तरी त्या 'का'पाशी बसून होतो,
मेणबत्तीत, लाइटबिलाच्या पाठीवर
त्याच्या हातात असू शकतील ती पानं लिहीत,
खोडत, पुन्हा लिहीत.
लाइट आल्यावर मागचे सहा महिने चाळले.
असंच शेवटी एखादं गरीब पान,
असेच निम्मे,
अशीच माझी माघार.
दोनशे चौदा वेळा.
काकांना उठवून दाखवावंसं वाटलं,
पण काय दाखवणार होतो?

आता चार चालवतो. उरलेला वेळ वही.
भाडं या महिन्यात अकरा तारखेला दिलं.
घरमालक किबे काही बोलले नाहीत,
फक्त जिन्यात लागतं त्याहून थोडे जास्त थांबले.
आई थेंब मोजून घालते.
शिकण्याचे पैसे कुणी देत नाही,
उलट रोज रात्री आठ टेबलांची मजुरी
मीच स्वतःला कापून भरतो,
आणि वहीत अजून तसं फार काही नाही:
बाण, आकडे, एका जागी चहाचा गोल डाग,
एका जागी 'इथे घाबरलास', तारखेसकट.

खरं सांगायचं तर काल पाचवं उघडलं.
मग सहावं, हात शिवशिवत होते.
सहाव्यावर एक जण शेवटच्या पानाला अडला.
रोज पटकन लावणारा गडी,
लावले त्यानं निम्मेच,
पण सात सेकंद घेतले.
ते सात सेकंद मला ऐकू आले.

सहावं टेबल मी बंद केलं नाही.
पण ऐकू आले.