हरकत क्रमांक तीन

उद्यमबागेत, वाइंडिंगच्या दुकानात
चेन्नईहून पत्र आलं.
भाचीनं मराठी करून सांगितलं :
'या कलेत निपुण अशा कुणालाही
हे सहज सुचलं असतं.'

भरमू हलगेकर हातातली तार ठेवून म्हणाला,
सहज?
एकोणीस वर्षं कम्युटेटरवरच्या ठिणग्या बघतोय.
कार्बन झिजतो, स्प्रिंग सैल पडते,
मोटर खोकायला लागते.
मग घड्याळाच्या कमानीसारखी पट्टी गुंडाळली,
ब्रश नखाएवढा उरला तरी
दाब तोच.

सोबत एक जर्मन कागद होता, चौतीस सालचा.
चित्र बघितलं आणि तो गप्प झाला.
तीच गुंडाळी.
कोनसुद्धा, बोटं ठेवून मोजला.
फक्त पट्टीचं टोक तिकडं सरळ,
याचं वाकडं,
कारण सरळ टोक तिसऱ्या महिन्यात तुटतं
हे खानापूरच्या लाकूडगिरणीनं
त्याला तीनदा शिकवलं होतं.

'लिही गे,' तो म्हणाला,
'वाकडं टोक. तेवढंच माझं.
बाकीचं त्या बाबाचं.'

उत्तराला सहा महिने मुदत.
दारात मिक्सर घेऊन बाई उभी,
तिला आजच पाहिजे,
कन्नडात सांगतेय,
वास येतोय म्हणून.