उलट्या क्रमाने

आधी मला त्यांचा शेवटचा अल्बम सापडला.
बँड मोडून एकोणतीस वर्षं झाली होती,
म्हणजे मरणोत्तर ओळख म्हणायची,
आणि मी नारायण पेठेतल्या लॅबमध्ये
रात्री साडेनऊला कुणाच्या तरी दाढेवर
मेणाचा उंचवटा चढवत होते.

नाव सांगत नाही.
सांगितलं की कुणीतरी म्हणतं,
"हे होय, कॉलेजात ऐकायचो आम्ही,"
आणि विषय संपतो, चहा येतो.

मग मागे मागे जात राहिले.
पाचवा. चौथा.
चौथ्यात ड्रमर वेगळा, हा घाईचा,
लक्ष्मी रोडला उलट्या बाजूने स्कूटर घालून
वर वेळेवर पोचणारा.
तिसऱ्यात एक व्हायोलिनवाली.
ती पुढे सोडून गेली हे ठाऊक होतं,
पण मी निघालेली उलटी,
माझ्या लेखी ती आत्ता दारात उभी.
भांडणं आधी कळली.
मैत्री नंतर.

दुसऱ्या अल्बमला मी हातातलं काम खाली ठेवलं.
गाणाऱ्याचा 'स' शिट्टी मारत होता.
पुढच्या चारांत नाही मारत.
पुन्हा लावलं. परत पुन्हा.
वरचा पुढचा दात, कोपरा उडालेला,
पैजेवर सांगते.
तिसऱ्याच्या आधी कधीतरी थोडे पैसे आले असतील
आणि कुठल्याशा थंड गावात
माझ्यासारखंच कुणीतरी दिव्याखाली वाकून
त्याची कॅप घडवत बसलं असेल.
काम चोख. शिट्टी पार गेली.
मला वाईट वाटलं.

पहिला कुठेच मिळेना.
एका रविवारी जुन्या बाजारात,
नळाच्या तोट्या, पाने, जोडीदार हरवलेले बूट
यांच्या पलीकडे इलाही तांबोळींचं ताडपत्र:
आरत्या, पाढे, सनई,
आणि नव्वद मिनिटांची एक, घरी भरलेली,
निळ्या बॉलपेनने बँडचं नाव देवनागरीत.
"चालेल का?" विचारलं.
"विकणं माझं काम, ताई. चालणं तिचं."
वीस रुपये.

कुणीतरी स्पीकरसमोर टेपरेकॉर्डर ठेवून भरलेली,
त्यामुळे गाण्यांबरोबर खोलीही भरली गेलेली.
दाराची कडी. सायकलचं स्टँड.
तिसऱ्या गाण्यात गिटार थांबते,
तो एकटाच गात राहतो,
तिथे कुकरची शिट्टी,
आणि लांबून बाईचा आवाज:
"विद्याधर, तीन झाल्या की गॅस बंद कर रे."

विद्याधर बोलत नाही.
रेकॉर्डिंग चालू आहे, तो कसा बोलेल?
श्वास धरून उभा आहे
आणि दुसरी होते.
तिसरी.
मग पावलं, दबकत, लांब जाणारी,
आणि गाणं खोलीत एकटं.

आतल्या कार्डावर त्याच्या खुणा आहेत.
चारांना बरोबर, एकाला दोनदा.
'ब' बाजूच्या दुसऱ्यापुढे लिहिलंय: फालतू.
मला तेच सगळ्यात आवडतं.
मी पेन्सिलने शेजारी लिहिलं, परत ऐक.
तेहतीस वर्षं उशिरा, पण सांगायला हवं होतं.

गेल्या महिन्यात पहिला अल्बम
धुऊनपुसून पुन्हा बाहेर आला.
आता बोटं तारेवरून सरकतात तेही ऐकू येतं.
ओठ सुटे होतात, तेही.
'स' तसाच फुटका, देवाची कृपा.
आणि तिसऱ्या गाण्यात
गिटार थांबते तिथे
काहीच होत नाही.
भिंती नाहीत, स्वयंपाकघर नाही,
तो नुसता गातो, कुठेच उभा न राहता.

मी तरी मोजतेच.
एक.
दोन.
तिसरीला माझा हात
बर्नरच्या चावीवर गेलेला असतो.
उद्या सकाळी अकराला द्यायची दाढ
तशीच अर्धी,
मेण गार.