उतार अर्धा इंच

मॅटाडोर घेतली तेव्हा तिला छप्पर होतं,
म्हणजे बाहेरून बघितलं तर होतं.
आत आडवं होऊन बघितलं तर
प्लायवूडला फुगवटे, बुरशीचे तालुके-जिल्हे,
आणि मधोमध एक जागा, बोट लावलं की
चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी खचणारी.
आधी ती फिरता दवाखाना होती, भोरकडच्या गावांसाठी.
दाराच्या आतून अजून लिहिलेलं आहे:
'लहान मुलांना आधी'.
ते मी खरवडलं नाही.

वहीच्या पहिल्या पानावर मांडलं:
छप्पर, रुपये अठरा हजार फक्त.
खाली दोन रेघा. ग्रॅच्युइटीतून इतकेच.
भोसरीच्या एका पोरानं फायबरचं कोटेशन दिलं.
मी त्याचा चहा संपवला
आणि कागद घडी घालून त्यालाच परत केला.

मग मुनाफ शिकलगार.
दिवसाला चाळीस शब्द बोलणारा,
त्यातले तीस मापांचे.
"पत्रा जुन्या बाजारात बघू, ताई. बुधवारी.
रविवारी भाव चढतो."
बंद पडलेल्या कुठल्याशा शीतगृहाचे
सात अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे, किलोवर.
एकाला भोक होतं, म्हणून तो फुकट.
टेम्पोत मागं मी पत्र्यांवर बसले,
संचेतीच्या पुलावर वारा त्यांच्याखाली शिरला
तेव्हा पहिल्यांदा वाटलं,
हे सगळं वर उचललं जाऊ शकतं.

जुनं छप्पर उतरवायला तीन दिवस.
दोनशे बारा रिव्हेट मी मोजले,
उपयोग काही नव्हता, मोजले.
आणि एका सागवानी पट्टीवर, आतल्या अंगाला
सुताराच्या पेन्सिलीनं:
'मागं उतार अर्धा इंच. विसरू नये.'
त्याखाली दुसऱ्याच कुणाचं, घाईचं अक्षर:
'विसरले.'

मुनाफ एवढा हसला की शिडीवरून उतरावं लागलं.
मग गप्प झाला. पट्टीवरून अंगठा फिरवला.
"सपाट दिसतं ते सपाट ठेवायचं नसतं," म्हणाला,
"पाण्याला सांगावं लागतं, कुठं जायचं ते."
त्या दिवशीचे चाळीस त्यानं तिथंच संपवले.

मधल्या रात्री गाडी उघडीच.
चौकातला वाढदिवसाचा फ्लेक्स आणून वर ताणला,
वाढदिवस होऊन गेला होता, कुणाची हरकत नव्हती.
मी खाली गोधडी टाकून झोपले,
वर उलट्या अक्षरांत भावी नगरसेवक,
पहाटे त्यांच्या गॉगलमधून
निळा उजेड माझ्या पायांवर पडला.

सोसायटीचे रिसबूड रोज येऊन विचारायचे,
"हे कायमचं आहे का?"
चौथ्या दिवशी शिडी धरून उभे होते.

परीक्षेला त्यांनाच दुसऱ्या मजल्यावर पाठवलं,
बादल्या घेऊन. मी आत, दार लावून, दिवा बंद.
तीस वर्षं एक्स्चेंजमध्ये हेडफोन लावून बसलेली बाई मी.
खरखर कुठल्या खांबावरून येते
हे लाइनमनच्या आधी मला कळायचं.
धडाड्, धडाड् पाणी,
आणि त्या सगळ्या गोंगाटाखाली
एक बारीक टिक्.
"डावीकडं. तिसऱ्या बरगडीच्या मागं."
मुनाफला ऐकू आलं नाही.
त्यानं बोट लावलं, ओलं झालं.
बोटाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

एक रिव्हेट, सीलंटची एक ट्यूब.
एकूण अठरा हजार सहाशे चाळीस.
वरचे सहाशे चाळीस वेगळ्या शाईनं लिहिले,
रेघांच्या खाली.

आतली प्लाय ठोकायच्या आधी
मी त्याला पेन्सिल दिली.
त्यानं जुन्या दोन ओळींखाली लिहिलं:
'पाऊण दिलाय.'
बस्स. नाव नाही, तारीख नाही.
पेन्सिल माझ्या हातात तशीच राहिली.
मग मी खाली माझा सहा आकडी नंबर लिहिला,
एक्स्चेंजच्या काळातला,
जो आता कुठूनच लागत नाही.