आवृत्ती शून्य पूर्णांक तीन

सियागंजात, जिऱ्या-धण्याच्या पेढीवर
माझी पहिली बैठक.
वहीत रकाने आधीच आखून नेलेले:
हवंच. असलं तर बरं. पुढच्या टप्प्यात.

शेठ म्हणाले, सगळंच हवंच.
मुलगा म्हणाला, मोबाईलवर दिसलं पाहिजे.
मिरचीच्या खकाण्यानं मला शिंक आली
आणि एक वाक्य निसटलं,
ते पुन्हा कुणी सांगितलं नाही.

दुपारी मुनीम, भेरूलालजी.
बोलणं बेताचं, बोट मात्र खात्यावरून सरकत राहतं.
उधारी साठ दिवसांवर गेली की माल बंद?
बंद.
सगळ्यांचा?
सगळ्यांचा.
आणि बोट एका नावापाशी अडलं.
देपालपूरचं गिऱ्हाईक, एकशे चाळीस दिवस थकलेलं,
कालच दोन पोती नेलेलं.
हे कसं?
त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला.
"ये तो ऐसेइ चलता है, बेटा."

रात्री राजेंद्रनगरच्या खोलीत मी टाइप करते:
नियम चौदा. साठ दिवसांनंतर बिल निघू नये.
अपवाद
आणि पुढे नुसता कर्सर लुकलुकतो.
टीमलीड म्हणते, मोघम काही ठेवू नकोस,
डेव्हलपर फोन करून डोकं खातील.
'कुणाच्या परवानगीनं' लिहिते, खोडते.
'कारण' लिहिते.
भेरूलालजी काय भरणार त्यात?
तेही खोडते.

एक चौकट ठेवते, बिननावाची,
रिकामी सोडली तरी बिल निघेल अशी.
तिच्यापुढे, रकाना पहिला:
हवंच.

उद्या यावर वाद होईल.
केसांना अजून धण्याचा वास आहे.