पाच बाकी

स्वारगेट डेपोच्या वरच्या मजल्यावरचा हॉल.
खाली गाडी रिव्हर्स घेते तेव्हा तावदानं थरथरतात.
सव्वीस वाहक बसलेत शाळेतल्यासारखे,
मागच्या रांगा आधी भरून.
पुढच्या दोन रांगांत एकटी माझी पर्स.

फळ्यावर विषय कुणीतरी आधीच लिहून ठेवलाय:
प्रवाशांशी सौजन्य.
'सौजन्य'खाली दोन रेघा,
म्हणजे तक्रारी बऱ्याच आल्या असणार.

काही जण रात्रपाळी करून थेट इथे.
एकाची मान भिंतीला टेकलेली, तोंड किंचित उघडं.
हजेरीचा कागद त्याच्यापाशी थांबला,
शेजाऱ्यानं त्याचीही सही उरकली.
मी पाहिलं, आणि पाहिलं नाही.

माझ्या पिशवीत सगळं आहे.
रंगीत चिठ्ठ्या. लोकरीचा गुंडा,
एकानं दुसऱ्याकडे फेकायचा, नाव सांगत सांगत.
बर्फ फोडणं म्हणतात याला.
स्वारगेटला बर्फ असतो रसवंतीवर,
गोणपाटात गुंडाळलेला,
आणि तिथे फोडायला सोटा लागतो, लोकर नाही.

ज्यांच्या हाताखाली शिकले त्या हर्डीकरबाई म्हणायच्या,
पहिल्या दहा मिनिटांत माणूस ठरवतो
आज यायचं, की नुसतं बसायचं.
दहा वाजून पाच.
प्रोजेक्टर निळा पडदा टाकून स्वस्थ.
कुर्त्याच्या खिशात हात गेला
तर सकाळचं तिकीट, घामानं मऊ पडलेलं,
मागे बॉलपेननं, गोल करून:
५ बाकी.

ते वर धरलं. नमस्कार राहिलाच.
म्हटलं, या शहरात एक माणूस
माझे पाच रुपये देणं लागतो.

हसू मागून आलं, दबकत,
मग खोकल्यासारखं पसरलं.
कुठल्या गाडीला, मॅडम?
कात्रजहून. उतरताना गर्दी होती, विसरले.
विसरलात, का विसरवलं?
गोल केलाय का पाचाला?
मग घाडगेच तो. घाडगेच गोल करतो.
कुठंय घाडगे?
ड्यूटीवर. इथं असता तर तुमचे पैसे आले असते.
भिंतीवरची मान सरळ झाली:
काय झालं घाडग्याला?

तेवढ्यात यमुना शिरोळे बोलल्या,
वहीतून मान वर न काढता.
पहाटे पाच पन्नासची पहिली फेरी माझी.
पहिलाच प्रवासी शंभराची नोट काढतो.
माझ्या बॅगेत सुटे किती असतात
हे आजवर कुणी विचारलंय?

खाली एक गाडी सुरू झाली, गेली.
मीही विचारणार नव्हते.
माझ्या तेराव्या स्लाइडवर होतं: हसतमुख राहा.

किती असतात? मी विचारलं.

साठ. धाकटीच्या गल्ल्यातले.
संध्याकाळी परत टाकते. ती मोजून घेते.

मग कुणी पानटपरीचं नाव घेतलं,
कुणी मार्केटयार्डातल्या कोथिंबीरवाल्या मावशीचं,
कुणी म्हणाला, सासऱ्याकडून आणतो, ते व्याज लावतात.
खुर्च्या करकरत एकमेकींकडे वळल्या.
पुढच्या रांगेत कुणी आलं नाही शेवटपर्यंत,
मीच पर्स उचलून मागे जाऊन बसले.

चहाच्या वेळी बिलावर लिहायला
शिपायानं माझं नाव विचारलं
तेव्हा लक्षात आलं, ते सांगायचंच राहिलंय.

तो मघाचा झोपाळू कप घेऊन जवळ आला,
तळहातावर पाचाचं नाणं.
घाडग्याच्या वतीनं. फिटलं म्हणा.
आणि ते तिकीट द्या इकडं, फाडून टाकतो.

नाणं घेतलं.
तिकीट दिलं नाही.
उद्या दहा वाजता कोथरूड डेपो आहे,
परवा हडपसर.