हातचा

आयलर्टने घर मोजायला काढलं सप्टेंबरात,
होडी वंगणात बुडवायच्या आधी, जुना बॉयलर फुटायच्या आधी.
टेपचं टोक माझ्या हातात, पेन्सिल त्याच्या कानावर.
उत्तरेची भिंत. मग कपाट सरकवून पूर्वेची.
कपाटामागे इंग्यार्डच्या दुधाच्या दातांची डबी सापडली,
ती काही त्याने मोजली नाही.

भिंत एकशे चाळीस चौरस मीटर. गुणिले अर्धा.
गुणिले पंचावन्न:
आत वीस हवेत, बाहेर उणे पस्तीस.
दरीतली सगळ्यात वाईट रात्र धरायची असते, म्हणाला,
सरासरी रात्री कुणी गारठून मरत नाही.
तीन हजार आठशे पन्नास वॉट.
खिडक्या भिंतीच्या जेमतेम आठवा हिस्सा,
खातात मात्र निम्मं.
"आणि एवढं खाऊन दाखवतात काय?"
मी म्हटलं, आस्लाउगचं धुराडं.
त्याने वर न बघता लिहिलं: काचा, दुहेरी.

मग वर्कशॉप.
छत उंच, कारण होडी उलटी करावी लागते,
दार रुंद, कारण होडीला कधीतरी जावं लागतं.
सरस पंधरा अंशांखाली धरत नाही,
माणूस धरतो. म्हणून पंधरा.
शेवटी जमेच्या बाजूला आम्ही:
माणशी शंभर वॉट, दोघांचे दोनशे.
बेचाळीस वर्षांनी कळलं मी किती आहे ते.
"भांडताना जास्त असेल," मी म्हटलं.
"ते तात्पुरतं," तो म्हणाला.

एकूण सोळा किलोवॅट.
इथे थांबला असता तर बरं होतं.
पण त्याला ताळा लागतो.
भिंतींच्या हिशेबाने हिवाळ्याला बत्तीस घनमीटर बर्च,
आणि शेडमधून गेलेला सदतीस.
पाच कुठे गेले?

कुठेतरी ऊब मुरतेय, तो म्हणाला,
आणि रात्री दिवे मालवून
मेणबत्ती घेऊन निघाला चौकटींच्या कडेकडेने.
ज्योत वाकली माळ्याच्या जिन्यापाशी,
जरा वाकली मांजराच्या दारापाशी.
एवढ्याने पाच होत नाहीत.
तो कानाकोपऱ्याकडे बोट दाखवायचा, मी मेणबत्ती धरायचे.
हात हलू दिला नाही.

शनिवारी तो गावात जातो तांब्याचे खिळे आणायला.
तेव्हा मी घसरगाडी भरते.
आस्लाउगचा खुबा मोडल्यापासून तिसरा हिवाळा.
विचारलं तर नको म्हणते,
म्हणून विचारत नाही; मागच्या भिंतीला रचून येते,
जाड ढलप्या खाली, बारीक वर,
ओणवं न होता घेता येतील अशा.
पायरीवर कधी जामची बरणी असते.
तो जाम आयलर्ट पावाला फासतो, बोटं चाटतो,
आमच्याकडे ते फळ होत नाही हे त्याला ठाऊक असून.

ऑक्टोबरात बॉयलर मागवला. वीस किलोवॅटचा.
गणित तर सोळाचं होतं, मी म्हटलं.
तो चष्मा पुसत राहिला.
"बेरजेत हातचा विसरला
की मास्तर छडी मारायचे."

पहिल्या बर्फाच्या शनिवारी घसरगाडी ओढायला गेले
तर पट्ट्यांना ताजं डांबर, दोरीला नवी गाठ,
होडीला मारतात तसली, ताण आला की आवळणारी.
फाटकापाशी तो टोपी कानावर ओढत होता.
"खिळे संपलेत," म्हणाला.

वर्कशॉपच्या मांडणीवर खिळ्यांचे नऊ डबे आहेत. भरलेले.
मी परवाच झाडले होते. कसे काय
मोजले नव्हते?

मग ती मेणबत्ती, आयलर्ट?
हे मी विचारलं नाही. गाडी जड होती,
आणि उणे अकरात उभं राहून
बोलण्यात किती वॉट जातात
ते त्याने अजून काढलेलं नाही.