बाजूला ठेवलेल्या पावत्या

कॉलेजच्या लेखा विभागात माझं टेबल खिडकीशी आहे.
मार्चमध्ये खाली बंदरात बर्फाच्या लाद्या
एकमेकींना ढुशा देत येतात,
आणि थिम्बल कोव्हच्या पावत्या
बुटांच्या खोक्यातून येतात.

अनुदान तीन वर्षांचं. करारात लिहिलंय,
विद्यापीठ आणि गाव यांनी मिळून
नेतृत्व घडवायचं.
घडवणं मला कळतं. वडील होड्या घडवायचे.
लाकूड आधी वर्षभर नुसतं पडून वाळायचं.
त्या वर्षाचे पैसे
त्यांना कधी कुणी दिले नाहीत.

पावती सहा: वाटाण्याचं सूप, चाळीस वाट्या.
पावती सात: डिझेल, मोझेस पार्डीचा ट्रक.
खाडीपलीकडच्या तिघींना आणायला,
कारण त्यांच्या गावाला बस नाही
आणि चर्चा बसवरच होती.
पावती अकरा: मुलं सांभाळणं, चार संध्याकाळ.
यात नेतृत्व कुठे, असं मी पेन्सिलीनं लिहिलं.
मग खोडलं. खुणा राहिल्या.

पहिल्या वर्षीच्या इतिवृत्तात
प्राध्यापक काझानजियान पन्नास मिनिटं बोलल्या.
तेवढ्यात खेकड्याच्या कारखान्यातल्या फिलोमिना टोबिननं
मोज्याची अख्खी टाच विणली.
(हेही इतिवृत्तात आहे. लिहिणारा
एकोणीस वर्षांचा किएरन, काय गाळावं
हे अजून त्याला कुणी शिकवलं नव्हतं.)
दुसऱ्या वर्षी प्राध्यापकबाईंचं नाव
बटाटे सोलणाऱ्यांच्या यादीत सापडतं,
आणि फिलोमिनाचं, विद्यापीठाच्या समितीवर.
प्रवासखर्च: फेरी, जाऊन-येऊन. मुक्काम: बहिणीकडे.
बहिणीची पावती नाही.

अर्जात एक चौकोन होता, 'प्रकल्पप्रमुख'.
त्यात त्यांनी सात नावं घातली,
मुंगीच्या अक्षरात, कडेला तिरपी करून.
अर्ज परत आला. पुन्हा सात. पुन्हा परत.
पाचामुखी परमेश्वर म्हणतात खरं,
पण संगणकाला एकच तोंड लागतं.

पावती एकवीस: किल्ल्या, अकरा नग.
कारणाचा रकाना रिकामा.
मी लाल शेरा मारला, 'स्पष्टीकरण द्या',
आणि बाजूला ठेवली.

मग जानेवारीतलं ते वादळ.
चार दिवस वीज नाही, रस्ता नाही, फोन अधूनमधून.
पाचव्या दिवशी सरकारी माणसानं विचारलं,
सभागृह उघडायचा निर्णय कुणाचा?
मोझेस म्हणाला, मी गेलो तेव्हा दिवा होताच.
दिवा लावणारी म्हणाली, चूल पेटलेली होती.
चूलवाल्याला वाटलं, पाद्रीबाईंनी सांगितलं असेल,
त्या तर गावातच नव्हत्या.
ऑक्सिजन लागणाऱ्या नऊ घरांची यादी
किएरनच्या वहीत निघाली. गृहपाठ होता तो.
गुण त्याला बेताचेच मिळाले होते.

सरकारी माणसानं अखेर लिहिलं,
'निर्णय कुणी घेतला, समजू शकलं नाही.'
तक्रारीच्या सुरात लिहिलं होतं त्यानं.
मी ते वाक्य कात्रीनं कापून
टेबलाच्या काचेखाली सरकवलं.

आता शेवटचा अहवाल.
प्रश्न चौदा: एकूण किती नेते घडले? (आकडा भरा.)
मी खोकं उपडं केलं, एकवीस नंबरची पावती काढली,
शेऱ्यावर मंजुरीचा शिक्का उठवला,
तारीख जरा मागची घातली.
आणि आकडा भरला: अकरा.
आठवड्यानं उत्तर आलं, कृपया नावं पाठवा.

पुढच्या तीन वर्षांचा अर्ज शुक्रवारपर्यंत जायला हवा.
चौकोन तेवढाच आहे.
मी फिलोमिनाला फोन लावला,
कुणाचं घालू?
ती म्हणाली, तुझं घाल की,
शुक्रवारी कोण भरणार आहे नाहीतर?
मी म्हटलं, मी तर फक्त हिशेब...
पलीकडे नळ सोडल्याचा आवाज, कुणाचंतरी हसणं.
थांब हं, ती म्हणाली,
आणि रिसीव्हर तसाच बाजूला ठेवून गेली.